पुरणपोळीतून इंग्रजी: क्रियापदं कशी शिकवावीत?

सांजवेळ
सोसायटीतल्या दहा-बारा बायकांचा इंग्रजी वर्ग घ्यायचा आहे. सगळ्या चाळिशी-पन्नाशीतल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या. वाचता येतं, पण बोलताना शब्द अडतो. भाज्यांची नावं पटकन पाठ होतात. ‘चाळून घे’, ‘निथळू दे’, ‘सैलसर मळ’ हे मात्र सांगता येत नाही. म्हणून पुरणपोळी आणि कटाची आमटी एवढाच स्वयंपाक धरून आठ तास घ्यायचा विचार आहे. किती शब्द घ्यावेत? मराठी-इंग्रजी यादी छापून वाटावी का?

खलबत्ता
यादी वाटू नका. स्वयंपाकातल्या क्रियापदांची एकास एक जोडी जमत नाही आणि यादीमुळे नेमकी तीच चूक पक्की होते. ‘भिजवणे म्हणजे सोक’ असं पाठ केलं की डाळीला ते बरोबर बसतं, पण ‘कणीक भिजव’चं ‘सोक द फ्लावर’ होतं. ऐकणारा पीठ पाण्यात बुडवून ठेवेल. तिथे ‘मेक द डो’ आणि मग ‘नीड द डो’ म्हणायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ ‘भाजणे’ने होतो. शेंगदाणे भाजले तर रोस्ट, पाव भाजला तर टोस्ट, केक भाजला तर बेक. पोळी तव्यावर भाजतो तेव्हा आपल्याकडे सर्रास रोस्ट म्हणतात आणि इथे ते चालतंही. बाहेरच्या माणसाला मात्र रोस्ट म्हटलं की ओव्हन आठवतो, त्याला ‘कुक इट ऑन अ ग्रिडल’ सांगावं. ‘उकडणे’चंही तसंच. बटाटे उकडले तर बॉइल, मोदक उकडले तर स्टीम. ‘बॉइल द मोदक’ ऐकून कुणी ते उकळत्या पाण्यात सोडले तर पारी फुटून सारण पाण्यात जाईल.

उलटही होतं. ओलं वाटण वाटा नाहीतर गहू दळा, इंग्रजीला दोन्हीकडे ग्राइंड चालतं. कुटणे मात्र पाउंड.

म्हणून शब्द नेहमी जोडीने द्या: सोक द डाळ, ड्रेन द डाळ, सिफ्ट द फ्लावर. कर्म सुटलं की शब्द भलतीकडे जाऊन चिकटतो.

जायफळ
क्रम पुरणाचाच ठेवा, शब्द आपोआप ओळीत येतात. एक वाटी हरभऱ्याची डाळ निवडा (पिक ओव्हर, इथे चूझ नाही), धुवा (रिन्स), तासभर भिजवा (सोक). तीन वाट्या पाण्यात कुकरच्या चार-पाच शिट्ट्या. डाळ बोटाने सहज चिरडली गेली पाहिजे (मॅश). मग कट निथळून घ्या (ड्रेन), वाटीभर चिरलेला गूळ घाला (ॲड) आणि सतत ढवळत (स्टर) आटवा. आटवणे इथे ‘कुक इट डाउन’. दूध आटवताना रिड्यूसही चालेल. उलथनं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद.

इथे ‘व्हाय’ आणि ‘बिकॉज’ शिकवायची छान संधी आहे. डाळ कच्ची असताना गूळ घातला तर ती पुढे नीट शिजत नाही, कण राहतात आणि पोळी लाटताना फुटते. पुरण गार झाल्यावर यंत्राला लावलं तर ते घट्ट होऊन दांडा फिरत नाही, म्हणून गरम असतानाच वाटायचं. ही दोन वाक्यं प्रत्येकीकडून स्वतः म्हणवून घ्या.

एका तासाला सहा क्रियापदं पुरेत. पुढच्या तासाला आधीची सहा विचारल्याशिवाय नवीन देऊ नका.

वाटीचमचा
उच्चारांसाठी वेगळा वेळ ठेवा. मळणे या अर्थाचा ‘नीड’ के-एन-ई-ए-डी असा लिहितात. के मुका, आणि ऐकायला ‘गरज’वाल्या नीडसारखाच. पीठ आणि फूल दोन्हींचा उच्चार एकच. किसणे म्हणजे ग्रेट, आणि महान म्हणजेही ग्रेट. चाळणीचं स्पेलिंग बघून ‘सीव्ह’ म्हणतात, पण उच्चार ‘सिव्ह’.

मापंही घ्या. टीस्पून 5 मिली, टेबलस्पून 15 मिली, अमेरिकन कप सुमारे 240 मिली. आपली वाटी घरोघरी वेगळी, म्हणून वर्गात एक वाटी पाण्याने मोजून ठेवा. पीठ, गूळ, तांदूळ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. चिकपीज आणि लेंटिल्सना लागतो.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या असतील तर दुकानातले शब्दही लागतील. मैदा ब्रिटनमध्ये प्लेन फ्लावर, अमेरिकेत ऑल-पर्पज फ्लावर. वांगं तिकडे ऑबर्जीन, अमेरिकेत एगप्लांट. ब्रिंजल आपल्याकडे कळतं. आपण घट्टपणासाठी वापरतो ते कॉर्नफ्लावर अमेरिकेत कॉर्नस्टार्च म्हणून मागायचं, नाहीतर हातात मक्याचं पीठ येतं. गुळाचा ‘जॅगरी’ हा शब्द तर मुळात आपल्याकडचाच: संस्कृत ‘शर्करा’चं दक्षिणेतलं रूप पोर्तुगीजांनी उचललं आणि तिथून ते इंग्रजीत गेलं. हे सांगितलं की शब्द परका वाटत नाही.

सांजवेळ
फोडणीला काय म्हणावं? कुणी सीझनिंग म्हणतं, कुणी टेम्परिंग. आणि दर तासाला गॅस पेटवणं शक्य नाही.

खलबत्ता
टेम्परिंग घ्या. सीझनिंग म्हटलं की बाहेर मीठ-मिरपूड घालणं समजतात. त्याहून बरं म्हणजे शब्द सोडून कृतीच सांगणं: हीट द ऑइल, ॲड मस्टर्ड सीड्स, व्हेन दे स्प्लटर, ॲड क्युमिन, देन ॲसाफेटिडा अँड टर्मरिक. तडतडणे म्हणजे स्प्लटर. शेवटी हिंग-हळद का, हेही विचारा: हळद आधी पडली तर जळते आणि आमटी काळपट, कडवट होते. बर्न आणि बिटर त्यातच आले.

गॅसची गरज दोनच तासांना आहे, पुरण शिजवायला आणि पोळ्या भाजायला. बाकी तासांना परात, चाळणी, लाटणं आणि कोरडी डाळ पुरते. एकीने इंग्रजीत सांगायचं, दुसरीने न बोलता हातांनी करून दाखवायचं. ऐकून अंगाने कृती करायची ही पद्धत जेम्स ॲशर यांनी 1960च्या दशकात ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या नावाने मांडली. करणारीने चुकीचं केलं तर सांगणारीने वाक्य बदलून पुन्हा सांगायचं. मराठीत दुरुस्ती करू देऊ नका, तुम्हीही करू नका.