नवी गाडी आणि उसाचा हंगाम : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

आपल्याकडे नवी गाडी बहुतेक दसऱ्याला नाहीतर दिवाळीच्या पाडव्याला दारात येते. कारखान्यांचे बॉयलर पेटतात तेही त्याच सुमारास. म्हणजे नवशिक्यांचे पहिले काही महिने उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढण्यात जातात, आणि लायसनच्या परीक्षेत त्याबद्दल कुणी विचारत नाही. तिथं आठचा आकडा काढला की झालं. यंदा माझी भाची गाडी शिकतेय. तिच्यासारख्यांसाठी लिहा. नुसतं ‘सावकाश चालवा’ नको. कुठं काय होतं आणि तेव्हा हातापायांनी नेमकं काय करायचं, ते सांगा.

आष्ट्याहून
आष्टा-सांगली रस्त्यानं माझी रोजची ये-जा. रात्री ट्रॅक्टर समोरून आला तर दिव्यांमुळं कळतो, पण त्याच दिशेनं पुढं चाललेली ट्रॉली दिसत नाही. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टर वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकलेले, मागं लाल दिवा बऱ्याचदा नसतोच. शिवाय एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. पहिली संपली की नवीन पोरगं डावीकडं आत घुसतं, तोवर पुढं दुसरी. ओव्हरटेक करण्याआधी पूर्ण लांबी दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर मागं राहायचं, मागचे कितीही हॉर्न मारोत.

सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर येतो तो. आपल्या बाजूची ट्रॉली त्या झगमगाटात नाहीशी होते. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या. वेग दुप्पट असला की ब्रेक लागून थांबायला चौपट अंतर लागतं, हे विसरू नका. आणि दगड! पंक्चर ट्रॉलीभोवती दगड मांडतात, ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यातच. माझी सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून विनंती आहे, ते उचलून कडेला टाका.

वाईहून
पसरणी घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून दिसतात. असं करू नका. ज्या गिअरवर घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरा. अर्धा भार इंजिन धरतं. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. स्कूटरला इंजिनाचा आधार कमी, म्हणून वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक धरायचे, मग सोडायचे. ब्रेक तापल्याचा वास आला तर कडेला थांबा.

कराडहून
आम्हा मुलींना सांगितलं जायचं, ‘पुढचा ब्रेक लावू नको, कोलांटी खाशील.’ या एका सल्ल्यानं फार नुकसान केलंय. गाडी थांबताना वजन पुढं येतं, त्यामुळं जास्त पकड पुढच्या चाकालाच मिळते. मोकळ्या मैदानात, हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा सराव करा. खडीवर किंवा गाडी वळणात झुकलेली असताना मात्र पुढचा ब्रेक झटक्यात दाबायचा नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे, तरी सराव हवाच. ओढणी आधी नीट खोचून घ्या, मग स्टार्टर.

ठोसेघरच्या बाजूनं
चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत. आडवा वारा गाडी सरकवतो. हँडल घट्ट आवळू नका. गुडघ्यांनी टाकी धरा आणि वेग उतरवा.

पलूसहून
रस्त्यावर सांडलेलं पाचट वाळलेलं असलं तरी घसरतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळा चिखल त्याहून वाईट. दोन्हींवरून सरळ जायचं, ब्रेक आधी लावून घ्यायचा.

मिरजेहून, मी परिचारिका आहे
हेल्मेट आरशाला अडकवलेलं, कोपरात घातलेलं किंवा पट्टा न लावलेलं, तिन्ही सारखंच. आयएसआयची खूण असलेलं घ्या, डोकं हलवल्यावर फिरता कामा नये. मागे बसणाऱ्यालाही हवंच. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, वरून चांगलं दिसलं तरी.

कुणी पडलेलं दिसलं तर 108 ला फोन करा. पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका. मानेला मार असू शकतो. पोलिसांच्या भीतीनं लोक पुढं येत नाहीत. पण मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच आहे, नाव सांगायची सक्तीही नाही. कृपा करून थांबत जा.

साताऱ्याहून, भाचीचा प्रश्न
ट्रॉलीच्या मागं राहायचं म्हणजे किती अंतरावर?

आष्ट्याहून
ताई, ट्रॉलीनं रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडला की मोजायला लाग : एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तू खांबापाशी पोचलीस तर फार जवळ आहेस. पाऊस असला की सहापर्यंत मोज. आणि ट्रॉलीच्या बरोबर मागं कधीच नको, मोळी सुटते.