मजुरी सूर्यास्तापूर्वी : ‘की तेत्से’ नुसती वाचायची की पाळायची?

ठाणे (आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या गटातला धागा; बोलणारे गावाच्या नावाने) : ‘या शब्बाथच्या (शुक्रवारी सूर्यास्तापासून लागणाऱ्या शनिवारच्या विसाव्याच्या) “की तेत्से” परशेतले, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या त्या आठवड्याच्या पाठातले, मजुरीचे आणि बैलाचे नियम शेतीच्या काळातले आहेत, आज हिब्रूतून शुद्ध पठण झाले की पुरे,’ असे काल एका सभासदाने येथे लिहिले, आणि ते मला मुळीच पटलेले नाही. परंपरेने मोजलेल्या ६१३ मित्स्वोतांपैकी (आज्ञांपैकी) ७४ या एका परशेत आहेत, आणि मजुराचे वेतन त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, ही त्यांतली एक. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई एका शुक्रवारी दिवेलागणीला दाराशी येऊन राहिलेला पगार मागू लागल्या, कारण मुलाची फी थकली होती. आई म्हणाली, ‘शब्बाथ लागला, आता पैशाला हात लावता येत नाही.’ सूर्य मावळला होता. म्हणजे एक आज्ञा पाळण्याआधीच दुसरी आम्ही मोडून बसलो होतो.

अश्दोद (इस्रायल) : तो सभासद मीच. तुमच्या आईंची चूक शब्बाथच्या माथी मारू नका. कोकणात आपले पूर्वज हिब्रू ग्रंथ विसरले, तरी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले आणि टिकले. शिवाय मिश्ना या जुन्या धर्मनियमसंग्रहाप्रमाणे महिन्याने ठरलेला पगार महिना भरल्यावरच देय होतो, आणि मजुराने मागितलाच नसेल तर दोष लागत नाही.

ठाणे : महिना भरून दहा दिवस झाले होते; आणि बाईंनी मागितला होता, हे तर मी वर लिहिलेच आहे. कृपया नीट वाचावे.

अलिबाग : ‘शुद्ध पठण’ या शब्दाबद्दल मला बोलायचे आहे. माझ्या आजोबांना शेमा या मुख्य प्रार्थनेपलीकडे हिब्रू येत नव्हते, पण शनिवारी बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढून खुंटीला टांगलेली असे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, ही आज्ञा मी मराठीतून वाचली, तेव्हा ते घाणा चालू असतानाही बैलापुढे पेंडीचा तुकडा का टाकत, हे मला कळले. एज्रा या प्राचीन धर्मशास्त्र्याच्या काळी लोकांना तोरा अर्थासह समजावून सांगत, पुढे सिनेगॉगमध्ये अरामी तर्गुम (भाषांतर) होत असे, मग मराठीचेच वावडे का?

अश्दोद : वावडे नाही, भीती आहे, आणि ती तुम्हांला तिकडे बसून समजणार नाही! १९६२ साली येथल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) परिपत्रक काढून आपल्या लग्नांसाठी मागच्या पिढ्यांची चौकशी लावली. माझे वडील जेरुसलेमच्या धरण्यात बसले होते, आणि १९६४ साली आपण पूर्ण यहुदी असल्याचे मान्य झाले. आपल्या उच्चारांकडे कोणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी त्यांनी मला रोज रात्री ताम (पठणाच्या स्वरखुणा) घोकायला लावले.

अलिबाग : काकांच्या धरण्याचा मान आहे, पण अर्थ न कळता घोकलेल्या स्वरांनी त्या बाईंची फी भरली गेली नसती.

अश्दोद : हे बोलणे लागले. ठीक आहे, मराठी अर्थ वाचा, पण सेफर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) उघडण्यापूर्वी वाचा, मध्ये पठण थांबवून नको. आणि महिना उलटून मजुराने मागणी केली असेल, तर दोष लागतो, एवढे मान्य करतो.

ठाणे : एवढ्यावर मी थांबते. त्या बाई पुढे काम सोडून गेल्या आणि त्यांचे बारा दिवसांचे पैसे आमच्याकडेच राहिले. त्यांच्या जुन्या चाळीत दोनदा जाऊन आले. येत्या शुक्रवारी दुपारीच पुन्हा जाणार आहे.