चायनीजच्या पार्सलला एक तारा देण्याआधी दुकानात जाऊन सांगा. पटतंय का?

कर्वेनगरवासी

आमच्या चौकात एक छोटं चायनीज आहे. बसायची सोय नाही, फक्त पार्सल. दोन भट्ट्या, एक कुक, कोबी-गाजर चिरणारा एक मुलगा आणि गल्ल्यावर मालक स्वतः. चव चांगली, हात सढळ. तरी अ‍ॅपवरचे त्याचे तारे हळूहळू उतरत चाललेत, म्हणून मी लोकांचे अभिप्राय नीट वाचून काढले. नूडल्सचा गोळा झाला. क्रिस्पी मऊ पडलं. मंचाव सूपमधल्या नूडल्स भिजून गेल्या. भात गार होता. बहुतेक तक्रारी याच जातीच्या.

आता यात घडतं काय ते बघा. चायनीज हा मोठ्या आचेवर, दोन-चार मिनिटांत होणारा आणि तिथल्या तिथे खायचा प्रकार आहे. गरम नूडल्स डब्यात भरून झाकण दाबलं की वाफ आतच कोंडते, झाकणाला पाणी सुटतं आणि ते पुन्हा खाली पडतं. मंच्युरियनच्या गोळ्यांवरचं कॉर्नफ्लोअरचं आवरण ग्रेव्ही पीत राहतं. ट्रिपल शेजवानवरच्या तळलेल्या नूडल्स भाताच्या वाफेने लुळ्या पडतात. वारज्याच्या पुलावर गाडी अर्धा तास अडकली तर जगातला कुठलाही कुक ते वाचवू शकणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की चव, तिखट, मऊ-कडक असल्या तक्रारी आधी दुकानात जाऊन किंवा फोन करून सांगाव्यात. मी सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे ग्रेव्ही वेगळी येते, तळलेल्या नूडल्स कागदी पिशवीत येतात आणि झाकणाला टोचे मारलेले असतात. अन्नात झुरळ निघालं, तेलाला वास आला, खाऊन कुणी आजारी पडलं, तर मात्र दुकानदाराची भीड न धरता तिथल्या तिथे जाहीर लिहा आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही कळवा. पण "थोडं खारट होतं" म्हणून एक तारा? छोट्या दुकानाला मुळात अभिप्राय मोजके असतात, त्यात असे चार आले की ते यादीत इतकं खाली जातं की कुणाला दिसतच नाही. हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

आलं_लसूण

अजिबात पटलं नाही.

अ‍ॅपवर यायचा निर्णय दुकानाचा. किती लांबपर्यंत माल पाठवायचा तेही ठाऊक असूनच ते तिथे येतात. जो पदार्थ अर्ध्या तासात बसतो तो अर्ध्या तासाच्या अंतरावर विकायचा, त्यावर डब्याचे दहा रुपये वेगळे लावायचे आणि तो बसला की दोष वाफेचा? मी पैसे ताटात येणाऱ्या पदार्थाचे मोजते. कढईत तो कसा होता हे मला कधीच कळणार नाही.

दुसरं, मापाचं. तिथेच उभं राहून खाल्लं तर प्लेट शिगोशीग भरतात. पार्सलला डबा भरला की माप संपलं, भाव मात्र तोच. "फुल" म्हणजे नेमकं किती, हे पुण्यातल्या किती मेनूकार्डांवर छापलेलं असतं?

आणि तिसरं जास्त महत्त्वाचं. "जाऊन सांगा" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडच्या एका दुकानात मी सांगून बघितलं. रात्रीची वेळ, समोर पार्सलसाठी थांबलेल्या मुलांचा घोळका, आणि मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, रोज दोनशे लोक खातात, तुम्हालाच कसं लागतं?" पुन्हा पाऊल ठेवलं नाही. तारा ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यासाठी मला कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही. ती माझ्या हातातून काढून घेऊ नका.

गाडीवाल्याचा_भाऊ

ताई, त्या मालकाचं चुकलंच. गिऱ्हाइकाशी असं बोलणारा फार दिवस टिकत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या थोरल्या भावाची धायरीत चायनीजची गाडी आहे, मी शनिवार-रविवार मदतीला असतो. अ‍ॅपवरच्या ऑर्डरमागे पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमिशन जातं. डबा, चमचा, सॉसची पुडी, पिशवी यांचे पैसे वेगळे. भट्टीला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर लागतो, घरगुती वापरता येत नाही आणि वापरूही नये. मोठ्या आचेची भट्टी गॅस कशी ओढते ते जवळ उभं राहिल्यावर समजतं. तक्रारीचा फोटो टाकला की परतावा लगेच मंजूर होतो, आणि आमचा अनुभव असा की पुष्कळदा तो आमच्याच हिशोबातून वळता होतो. आम्हाला विचारणारा फोन नंतर येतो, कधी येतच नाही.

कुकचं सांगतो. आमचा आधीचा मुलगा दार्जिलिंगचा होता. हात असा की शेजवान राइसचा दाणा न दाणा मोकळा. आई आजारी म्हणून गावी गेला, परत आला नाही. पुढचे दोन महिने चव हलली. त्या काळात पडलेले तारे अजून भरून निघालेले नाहीत. नवा मुलगा आता चांगला तयार झालाय, पण ते कळायला कुणीतरी ऑर्डर द्यायला हवी ना?

मापाबद्दल ताईंचं बरोबर आहे. आम्ही ५०० आणि ७५० मिलीचे डबे ठेवतो आणि फलकावर तसं लिहिलंय. सगळ्यांनी लिहावं.

सदाशिवपेठी

मूळ मुद्दा कुणी काढतच नाही. व्हेज आणि नॉनव्हेज एकाच कढईत होतं. आधीच्या चिकन फ्राइड राइसनंतर कढईत पाणी टाकायचं, झाऱ्याने फिरवून बाहेर फेकायचं, की लगेच माझं व्हेज हक्का. गाडीवर निदान डोळ्यांनी दिसतं. पार्सल घरी आलं की कळायला मार्गच नाही. श्रावणात आमच्या घरी आई बाहेरचं चायनीज बंदच करते. याची तक्रार मी तारे देऊन करायची की दुकानात?

रात्रपाळी

पेठी, दोन्हीकडे नको. ऑर्डर देण्याआधी विचारायचं. पुण्यात निव्वळ शाकाहारी चायनीज शोधायला लांब जावं लागत नाही. चिकन लॉलीपॉपच्या फलकाखाली उभं राहून स्वतंत्र कढई मागायची हे दुकानदारावर थोडं जड होतं.

सदाशिवपेठी

हिरवा ठिपका लावून "व्हेज" म्हणून विकतात तेव्हा ते व्हेजच असायला हवं. फलक कुणाचा का असेना. यात जड काय आहे?

गाडीवाल्याचा_भाऊ

पेठी बरोबर बोलतात. आमच्याकडे कढया दोन आहेत, पण गर्दीत झारा आणि सॉसच्या डब्यांतले चमचे एकमेकांत जातात, हे मी लपवणार नाही. ज्यांना कडक पाळायचंय त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की आमच्याकडे घेऊ नका.

सिंहगड_रोड

इथे चव, तारे, कढई चाललंय. आम्ही २०२५ चा जानेवारी बघितलाय. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, सगळीकडे जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे रुग्ण. तरणीताठी माणसं व्हेंटिलेटरवर. संशय दूषित पाण्यावर होता, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तेव्हापासून मी गाडीवर गेलो की आधी पाण्याचं पिंप बघतो. चायनीज मोठ्या आचेवर होतं म्हणून सुरक्षित, असं लोक म्हणतात. आचेवरचा भाग ठीक. पण वरून भुरभुरलेली कोबी आणि कांद्याची पात कच्चीच असते, ती कुठल्या पाण्यात धुतली? कच्चं चिकन चिरलेल्या फळीवरच ती चिरली का?

आणि तो लाल रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत असे रंग सापडले होते. त्याच वेळी कॉटन कँडीत सापडलेला ऱ्होडामाइन-बी तर कापड रंगवायचा रंग, खाण्यात त्याला परवानगीच नाही. आपल्याकडचं लॉलीपॉप खाऊन बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहतात. काश्मिरी मिरचीने असं होत नाही. असल्या दुकानाला एक ताराही जास्त आहे.

कर्वेनगरवासी

सिंहगड रोड, तुमच्याशी माझा वादच नाही. मी वर तेच लिहिलंय, आरोग्याचा प्रश्न आला की गय नको. वाद खारट-तिखटाच्या ताऱ्यांचा आहे.

मायक्रोस्कोप

मी अन्नाच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. रंगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, भाताकडे कुणाचंच जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्राइड राइसला गार, मोकळा भात लागतो. ताजा गरम भात कढईत चिकटतो. त्यामुळे भात दुपारीच शिजवून ठेवतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली निद्रिस्त रूपं, असू शकतात आणि भात शिजवला तरी ते मरत नाहीत. भात मोठ्या पातेल्यात तसाच झाकून ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. त्या उबेत बीजाणूंपासून जिवाणू वाढतात आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. रात्री कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी ते उरतं. म्हणून "आमच्याकडे सगळं गरमागरम" हे उत्तर इथे पुरत नाही.

उपाय साधा आहे. भात परातीत पातळ पसरून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. दुकानात गेलात तर भात कुठे ठेवलाय ते बघा. ओट्याखाली कापड झाकलेलं पातेलं दिसलं तर मी घेत नाही.

आणि हे गिऱ्हाइकांनाही लागू आहे. रात्रीचं उरलेलं पार्सल ओट्यावर ठेवून सकाळी गरम करून मुलांच्या डब्यात देणारे माझ्या माहितीत कितीतरी आहेत. मग पोट बिघडलं की दोष दुकानाला जातो.

पुरणपोळी_प्रेमी

एवढं सगळं वाचून म्हणावंसं वाटतं, खाताच कशाला? अजिनोमोटो घातलेलं, तेही ना धड चिनी ना भारतीय. कॅन्सर होतो त्याने.

मायक्रोस्कोप

अजिनोमोटोने कॅन्सर होतो असं कुठल्याही भरवशाच्या अभ्यासात दिसलेलं नाही. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून अजिनोमोटोची चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. तेच ग्लुटामेट टोमॅटोत नैसर्गिकरीत्या असतं. याची धास्ती सुरू झाली ती १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रातून. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात ठाम असं काही निघालं नाही. ज्यांना त्रास जाणवतो त्यांनी "न घालता द्या" म्हणावं, तो त्यांचा हक्क आहे. मला जास्त काळजी मिठाची वाटते. सोया सॉस, वरून मीठ, शिवाय शेजवान चटणी. रक्तदाबाच्या माणसाने तिकडे बघावं.

रात्रपाळी

आणि "धड चिनी नाही" हे काय? चिकन मंच्युरियन १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी पहिल्यांदा केलं, असं मानलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. वाँग कोलकात्यात वाढले. हे इथेच जन्मलेलं आणि इथेच मुरलेलं खाणं आहे. मी हिंजवडीत रात्री काम करतो. एक वाजता सुटल्यावर गरम काही मिळतं ते यांच्याकडेच, आणि त्या वेळी माझ्याशी आपुलकीने बोलणारा माणूसही तोच असतो. मी त्याला पाच तारे देतो आणि मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगतो.

डबा_घेऊन_जा

मंचाव सूप पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून वर रबरबँड लावतात, यावर कुणी बोलत नाही याचं नवल वाटतं. उकळतं, व्हिनेगर घातलेलं सूप! राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. लॉलीपॉप वर्तमानपत्रात गुंडाळतात, तेही चूक, छपाईची शाई तेलात उतरते. मी स्टीलचे डबे नेते. पहिल्यांदा "माप कळत नाही" म्हणून कुरकुर झाली. आता डबा बघितला की आधी माझी ऑर्डर घेतात, आणि क्रिस्पी घरी पोचेपर्यंत कडक राहावं म्हणून मी झाकण उघडं ठेवते. डब्याचे पैसेही वाचतात.

आलं_लसूण

डबा घेऊन जा, भात बघा, पिंप बघा, झाकण उघडं ठेवा, ग्रेव्ही वेगळी मागा, फोन करा. सगळं गिऱ्हाइकाने करायचं? दिवसभर काम करून घरी आल्यावर स्वयंपाक करायचं त्राण नसतं म्हणून तर माणूस पार्सल मागवतो. मायक्रोस्कोपताईंची माहिती मोलाची आहे, ती मी जपून ठेवणार. पण अ‍ॅपवर मागवणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही, म्हणूनच तिथल्या अभिप्रायाला किंमत आहे. "खारट होतं" हेसुद्धा पुढच्या माणसाला कळायला हवं.

कर्वेनगरवासी

कळायला हवं, हे मान्य. मग तीन तारे द्या आणि "आज मीठ जास्त होतं, बाकी चांगलं" असं लिहा. एक तारा आणि "बेकार" एवढाच शब्द, यातून पुढच्या माणसाला काय कळतं आणि कुकला तरी काय कळतं? माझी तक्रार त्या एका शब्दाबद्दल आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आलं_लसूण

कारण लिहावं, हे मला मंजूर. तारे किती द्यायचे ते माझं मी ठरवेन.

गाडीवाल्याचा_भाऊ

ताई, कारण लिहिलंत तरी आमचं अर्धं काम होतं. आणि मायक्रोस्कोपताई, एक विचारायचं होतं. आमच्या गाडीवर फ्रिज नाही, बर्फाची पेटी आहे. भात दुपारी तीनला शिजवून परातीत पसरतो, गार झाला की झाकणाच्या डब्यातून पेटीत ठेवतो. रात्री अकरापर्यंत चालेल का, की दोनदा थोडा थोडा शिजवावा?

मायक्रोस्कोप

दोनदा शिजवा. दुसरा साडेसातच्या सुमाराला, म्हणजे गर्दीआधी गार व्हायला वेळ मिळेल. पेटीतला बर्फ वितळत आला की बदला, आणि पेटीत भात व कच्चं चिकन एकत्र ठेवू नका. उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरू नका.