मदत हवी आहे : कोल्हापूर जिल्ह्यातली आडबाजूची ठिकाणं, आप्पांना दाखवायची आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरातच राहतो. त्यामुळे अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ ही नावं कृपया सुचवू नका. ती झालीत, आणि घरी पाहुणे आले की पुन्हा होतात. मला जिल्ह्यातलीच पण जरा आतली, गर्दी नसलेली ठिकाणं हवी आहेत. कारण सविस्तर सांगते, म्हणजे सुचवणाऱ्याला अंदाज येईल.

माझे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं. कुरुंदवाड, गडहिंग्लज, गगनबावडा असे डेपो बदलत जिल्ह्यातला एकही तालुका सोडला नाही. कुठल्या फाट्यापर्यंत किती टप्पे, कुठली मुक्कामी गाडी कुठल्या पारापाशी लागायची, हे अजून तोंडपाठ आहे. पण शेवटच्या स्टॉपला गाडी वळली, चहा झाला, वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) भरलं की डबल बेल, म्हणजे गाडी निघाली. मुक्कामी गाडी असली तरी रात्री उशिरा पोचायचं आणि पहाटे निघायचं. गावात पुढं काय आहे, ते बघायला वेळच नसायचा. मागच्या महिन्यात जेवताना सहज म्हणाले, "खिद्रापूरचं तिकीट किती फाडलं असेल, हिशेब नाही. पण देऊळ आतून कसं आहे ते कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही."

आप्पांना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं बरंच गेलंय, समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधानं टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून मला घाई आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही पहिलं खिद्रापूरच केलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे, बाराव्या शतकातलं. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली म्हणून तो इथं नाही, आणि ती परतली नाही म्हणून देव कोपला, अशी कथा सांगतात. गाभाऱ्यात त्या कोपलेल्या देवाशेजारी त्याची समजूत घालायला आलेला विष्णू धोपेश्वर म्हणून आहे, तोही लिंगरूपात.

आत जायच्या आधी स्वर्गमंडप लागतो. त्याच्या छताला मधोमध मोठा गोल मोकळा ठेवलाय, त्यातून आभाळ दिसतं. बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा, आणि तिच्या कडेनं बारा खांब. आप्पा शिळेच्या कडेला उभे राहिले, मान वर केली आणि कितीतरी वेळ खाली बघेनात. मला वाटलं चक्कर आली. दंड धरला तर म्हणाले, "थांब गं. मला गोलातलंच दिसतं ना, मग हे सगळं दिसलं बघ. कडेपासून कडेपर्यंत."

मग बाहेर येऊन त्यांनी गजपट्टाला हात लावला. सगळं देऊळ हत्तींच्या पाठीवर उभं आहे, ब्याण्णव हत्ती आहेत म्हणतात. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. आप्पा एकेका हत्तीवरून हात फिरवत, हळूहळू, पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. परतताना नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन घेतलं, कुरुंदवाडची बासुंदी घेतली. गाडीत आईला सगळं पहिल्यापासून सांगत होते, आई तर शेजारीच बसलेली!

आता तुमची मदत हवी आहे. गाडी आमची आहे, नवरा चालवतो. फक्त रविवार मिळतो, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, कारण तिन्हीसांजेला आप्पांना अजिबात अंदाज येत नाही. गुडघे दुखतात. वीस-पंचवीस पायऱ्या, त्याही कठडा असेल तर, जमतात. आप्पांनी स्वतः तीन नावं दिलीत : पळसंबे, पारगड आणि सामानगड. यातलं काय जमेल? शिवाय असं काही आहे का, जिथं हात लावून, ऐकून, वासावरून जागा कळेल? मागं एका व्हिडिओवर विसंबून आम्ही धबधबा बघायला गेलो, तर नुसता ओला कातळ होता आणि परतीची चढण आप्पांना फार जड गेली. म्हणून जो स्वतः जाऊन आलाय त्याचंच ऐकायचं ठरवलंय.

प्रतिसाद :
ताई, मी गडहिंग्लजचा. सामानगड नक्की करा, गाडी थेट वर जाते. कातळात खोदलेल्या विहिरी हे त्या गडाचं खरं वैभव. सातकमान विहिरीत आप्पांना उतरवू नका, वरून कमानी बघू दे आणि खाली आवाज देऊ दे. १८४४ साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं ते याच गडावर. त्याच दिवशी नेसरी होते. २४ फेब्रुवारी १६७४ ला शिवाजी महाराजांचे सरनौबत प्रतापराव गुजर आणि सहा स्वार विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती ही जागा. तिथं स्मारक आहे. पारगड मात्र त्याच दिवशी जोडू नका. चंदगडच्या पार टोकाला आहे, उजेडात परत पोचणार नाही.

प्रतिसाद :
पळसंब्याबद्दल. गगनबावड्याच्या वाटेवर आत वळायचं. झाडीतल्या ओढ्यात अखंड दगडातून कोरलेली छोटी देवळं आहेत, रामलिंग म्हणतात. भर दुपारीसुद्धा गारवा, आणि पाण्याचा आवाज सतत. तुम्ही म्हणता तशी ऐकून कळणारी जागा हीच. पण गगनबावडा म्हणजे जिल्ह्यात सगळ्यात जास्त पावसाचा तालुका, दगडांना शेवाळ धरतं. आत्ता नको, जानेवारी उजाडू दे. खाली ओढ्याकडे उतरताना एक माणूस पुढं आणि एक मागं ठेवा. माझ्या आईला आम्ही तसंच नेलं होतं.

प्रतिसाद :
लांब जायच्या आधी एक गावातलं सुचवू का? टाउन हॉलचं संग्रहालय. आपण सगळे त्याच्यासमोरून सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जातो, आत कुणी जात नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती तिथलीच. वीतभरही उंच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाचा रोमशी व्यापार होता, त्याचा हा पुरावा. छोटी वस्तू समोर धरल्यासारखी बघायची, म्हणजे आप्पांच्या नजरेला सोपं. एखाद्या रविवारी पाऊस आला, गुडघे दुखले, तर हे हाताशी राहील.

धागा काढणारी :
सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांना तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. सामानगडचं ऐकून म्हणाले, "त्या पायथ्याच्या फाट्यावर एक म्हातारी रोज लोणी घेऊन गाडीत चढायची." टाउन हॉलसमोरून आपण इतकी वर्षं जातोय आणि आत काय आहे ते माहीत नव्हतं, याचं आईला फार वाईट वाटलं, तेव्हा ते याच आठवड्यात करतो. येत्या रविवारी नेसरी आणि सामानगड, पळसंबे जानेवारीत.

पारगडाचा प्रश्न अजून बाकी आहे. तानाजी मालुसऱ्यांचे वंशज अजून गडावर राहतात, एवढं आप्पांनी गाडीत प्रवाशांकडून ऐकलंय आणि त्यांना त्यांच्या घरी जाऊन पाया पडायचंय. मुक्काम करायची आमची तयारी आहे. चंदगड बाजूला वयस्कर माणसांना घेऊन कुणी राहिलं असेल, तर खोली तळमजल्यावर मिळते का आणि बाथरूम आत आहे का, एवढं सांगा.