ज्यूंसाठी अख्ख्या शहरानं संप केला, असं कुठे झालंय का?

पिंपळपान: नाझींविरुद्धच्या प्रतिकाराचं वाचायला घेतलं की गुप्त पत्रकं, माळ्यावर लपवलेली माणसं, एकट्यादुकट्याचं धाडस, हेच समोर येतं. शेजारच्या ज्यूंना उचललं म्हणून लोकांनी उघड काम बंद पाडलं, असं कुठे घडलंय का?

जुना युनियनवाला: घडलंय. ॲमस्टरडॅम, २५ फेब्रुवारी १९४१, मंगळवार. नेदरलँड्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. आदल्या शनिवार-रविवारी जर्मन पोलिसांनी ज्यू वस्तीला वेढा घालून ४२७ तरुण धरले. चौकात हात पुढे करून उकिडवं बसवलेल्या त्या पोरांचे फोटो आहेत, बघवत नाहीत. सोमवारी संध्याकाळी नोर्डरमार्क्ट या बाजाराच्या चौकात पालिका कामगारांची उघड्यावर सभा झाली. पुढाकार विलेम क्रान आणि पीट नाक यांचा. एक रस्त्यावर फरशी बसवणारा, दुसरा झाडूवाला. दोघेही बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. (एकमेकांवर हल्ला न करण्याचा मॉस्को-बर्लिन करार तेव्हा लागू होता, तरीसुद्धा!)

खरी मेख ट्रामची. सकाळी ट्राम दिसेना, तेव्हा थांब्यावरच्या माणसाला पत्रक वाचायची गरजच उरली नाही. ज्यानं संप केलाय त्याला हे लगेच कळेल. मग गोद्या, कारखाने, कचेऱ्या. दुसऱ्या दिवशी हार्लेम, झानडाम, उट्रेख्तपर्यंत लोण गेलं. जर्मनांनी गोळ्या घातल्या, नऊ जण गेले, आणि संप मोडला.

सायली_त: पण साधलं काय? धरलेल्या मुलांपैकी जवळजवळ सगळी छावण्यांत मेली. पुढे नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून जास्त मारले गेले.

जुना युनियनवाला: आकडे बरोबर आहेत, ताई. संपानं कुणी सुटलं असं मी म्हणणार नाही, आणि डच लोक सगळे शूर होते असंही नाही. ज्यूंच्या याद्या करणारे कारकून त्यांच्यातलेच. पण डच आपल्याच रक्ताचे, आज ना उद्या वळतील, हा जर्मनांचा भ्रम त्या दोन दिवसांत फिटला. म्हणून तर ॲमस्टरडॅमवर दीड कोटी गिल्डरचा दंड बसला, तिघा संपकऱ्यांना मार्चमध्ये गोळ्या घातल्या. क्रानला १९४२ मध्ये.

पिंपळपान: आता कुणाला आठवण आहे का?

जुना युनियनवाला: दर २५ फेब्रुवारीला, त्या पोरांना बसवलं होतं त्याच चौकात, गोदी कामगाराच्या पुतळ्यापाशी कार्यक्रम होतो. शीतयुद्धात मात्र कम्युनिस्टांना बाजूला सारलं होतं. संप ज्यांनी बोलावला त्यांनाच आवतण नाही! त्यावर वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.