१९२९ पूर्वीचे रोडिओ विजेते : चरित्रे लिहावीत की सोडून द्यावीत?

ताळेबंद :
रोडिओच्या, म्हणजे उधळणाऱ्या घोड्यावर बसणे, गुरे फासात पकडणे अशा अमेरिकी गुराख्यांच्या स्पर्धांच्या, आरंभकाळातील विस्मृत विजेत्यांची चरित्रे धुंडाळण्याची सध्या टूमच निघाली आहे. रोडिओ असोसिएशन ऑफ अमेरिकेने १९२९ पासून गुण मोजून विजेते ठरवायला सुरुवात केली. त्याआधी ज्या त्या गावचे संयोजक आपल्या विजेत्याला बिनदिक्कत 'जगज्जेता' म्हणत. अशांची चरित्रे म्हणजे नातवंडांच्या आठवणी आणि पारावरच्या गप्पा. त्यांवर संग्रहालयांनी पैसा घालू नये.

ओरेगॉनकर :
हे वाचून गप्प बसवेना. मोजणी धड नव्हती, म्हणूनच तर चरित्रे लिहायची! १९०८ मध्ये हवाई बेटांवरचा इकुआ पर्डी वायोमिंग राज्यातल्या शायेनच्या रोडिओला आला, उसन्या घोड्यावर बसून ५६ सेकंदांत बैल फासात पकडून बांधला आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या नामांकित गुराख्यांना मागे टाकले. त्याचा सोबती आर्ची काआउआ तिसरा आला. किताब राखायला पर्डी पुन्हा कधी गेलाच नाही. ओक्लाहोमा सिटीच्या रोडिओपटूंच्या सन्मानदालनात त्याचे नाव लागायला १९९९ उजाडले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी नेझ पर्स जमातीचा जॅक्सन सनडाउन घ्या. त्या जमातीच्या अमेरिकी सैन्याशी झालेल्या १८७७ च्या युद्धात तो कोवळा पोर होता आणि १९१६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, आमच्या ओरेगॉनमधल्या पेंडलटनच्या रोडिओचा सर्वंकष (सगळे प्रकार मिळून) विजेता झाला. या तुम्हाला पारावरच्या गप्पा वाटतात?

ताळेबंद :
त्याच पेंडलटनची १९११ ची गोष्टही सांगा की. उधळत्या घोड्यावर बसण्याच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लेचरला डावलून जॉन स्पेनला पहिले बक्षीस दिले, मग शेरीफ टिल टेलरने फ्लेचरच्या टोपीचे तुकडे करून प्रेक्षकांत विकले आणि जमलेला पैसा त्याला दिला, असे जो तो सांगतो. तो स्पेनपेक्षा सरस बसला होता, हे मात्र कोणी पाहिले?

वाकडी वाट :
प्रेक्षकांनी पाहिले, साहेब! पैसे मोजून फाटक्या टोपीचे तुकडे लोक उगाच घेत नाहीत.

ताळेबंद :
प्रेक्षकांना चेकाळलेला घोडा आवडतो, पंच स्वाराची बैठक पाहतात. मोकळा ठेवायचा हात स्पेनने खोगिराला लावला, असा आक्षेप तुमच्या बाजूचे लोक घेतात. तो सिद्ध करा, मग पंचांना दोष द्या.

ओरेगॉनकर :
आपण कधी घोड्यावर बसला आहात काय? मी त्या मैदानात जाऊन आलो आहे. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने, मी न विचारताच, त्या निकालाबद्दल इतक्या तिडिकीने सांगितले की जणू तो कालच लागला होता.

माणदेशी :
शतकापूर्वीच्या निकालाला आजचा म्हातारा साक्षीदार! आमच्या आजोबांनी एका नामवंत मल्लाला चितपट केल्याचे घरात सगळे छातीठोकपणे सांगतात. वडिलांनी जुनी वर्तमानपत्रे चाळली, तेव्हा कुस्ती बरोबरीत सुटल्याची बातमी सापडली. तेव्हापासून घरच्या कहाण्यांवर माझा विश्वास नाही.

उंबरठा :
एका टोपीवरून आपण सगळे पुरुष एवढे भांडलात, पण बायकांचे नाव कोणी काढले नाही. बॉनी मॅकॅरोलने १९२२ मध्ये शायेन आणि न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन या दोन्ही ठिकाणी बायकांच्या उधळत्या घोड्यावर बसण्याच्या स्पर्धेत बाजी मारली. लोकांच्या लक्षात आहे ते १९१५ चे तिचे छायाचित्र, ज्यात घोडा तिला उलटी फेकतो आहे, आणि १९२९ चा पेंडलटनमधला अपघात, ज्यात तिचा जीव गेला. बायकांच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधत, त्यामुळे घोडा कोसळला तर पाय सोडवणे कठीण होई. ती गेल्यावर पेंडलटनने बायकांची ही स्पर्धाच बंद केली. मोंटानाची फॅनी स्पेरी मात्र रिकिबी न बांधता बसायची आणि १९१२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीला जिंकली. चरित्रे लिहिली नाहीत तर तिचे नाव कोणाला कळणार, ताळेबंद?

ताळेबंद :
ताई, रिकिबीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य करतो. पण हौशी लोक काय करतात ते १९९४ च्या तिकिटावर दिसले. बैलाच्या ओठाला चावा घेऊन त्याला लोळवणारा बिल पिकेट म्हणून अमेरिकी टपाल खात्याने त्याच्या भावाचे, बेनचे, चित्र छापले! छापलेली तिकिटे मागे घ्यावी लागली.

वाकडी वाट :
वा! टपाल खाते कधीपासून हौशी झाले? हातातल्या छायाचित्राखाली बिलचे नाव होते आणि त्यांनी ते डोळे झाकून छापले. चूक कळली ती पिकेट बंधूंचे चेहरे ओळखणाऱ्यांमुळे, म्हणजे ज्यांच्यावर आपण खर्च करू नका म्हणता त्यांच्यामुळे. शिवाय त्या चुकीच्या तिकिटांचे दीड लाख ताव खात्याने पुढे सोडत काढून विकलेच!

माणदेशी :
हे मात्र बरोबर आहे. कागदही खोटे बोलतो. आता त्या कुस्तीच्या बातमीवर तरी किती विसंबावे, कोण जाणे.

ताळेबंद :
ठीक आहे. पर्डी, पिकेट आणि मॅकॅरोल यांची चरित्रे लिहा, आडवा येणार नाही. फ्लेचरचे प्रकरण लिहिणाऱ्याने मात्र आधी त्या टोपीचा एक तरी तुकडा कोणाच्या घरी आहे ते शोधावे. एवढे लोक होते म्हणता, एखादा उरलाच असेल.