राखीव सैनिकाची नोकरी राखायची, पण भुर्दंड छोट्या मालकानेच का सोसायचा?

छापखानेवाला: अमेरिकेत माझा सहा माणसांचा छापखाना आहे. यंत्रावरचा एक जण नॅशनल गार्ड या राखीव सैन्यात असल्याने अकरा महिने ड्यूटीवर गेला. त्याच्या जागी घेतलेली मुलगी कामात तयार झाली आणि आता तो परत येतोय. १९९४ च्या 'युसेरा' कायद्याने त्याला घ्यावंच लागणार. 'जागा भरली' ही सबब चालत नाही, मग तिला काढावं लागलं तरी. कौटुंबिक रजेच्या कायद्यात खासगी मालकांना ५० कर्मचाऱ्यांची अट आहे. इथे एकच माणूस ठेवणाराही सुटत नाही. सैन्य सरकारचं, मग झळ मला का?

रिझर्वची बायको: अहो, ते अकरा महिने पगार तुम्ही देत होता का? माझा नवरा परतला तेव्हा त्याला नोकरी मिळाली, पण कायमची रात्रपाळी. वर साहेबांचा टोमणा, "तू काय, पुन्हा जाशीलच!" कायदा असताना ही तऱ्हा. नसता तर दारातसुद्धा उभं केलं नसतं.

स्पष्टवक्ता: छापखानेवाल्यांशी सहमत. १९४० चा मूळ कायदा सक्तीच्या भरतीसोबत आला, तेव्हा ते न्याय्य होतं. सक्ती १९७३ मध्ये संपली. आता स्वखुशीने जायचं, भत्ते घ्यायचे आणि खुर्चीही राखून ठेवा म्हणायचं?

रिझर्वची बायको: स्वखुशीने जातात म्हणूनच तर कायदा हवा! परतल्यावर नोकरी जाणार असेल तर भरती कोण होईल? मग पुन्हा सक्ती आणा, तुमच्या मुलांसकट.

कायद्याचा कीडा: जरा थांबा. सैनिकाला डोक्यावर बसवलंय असंही नाही. १९४६ च्या फिशगोल्ड खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकत्या जिन्याची उपमा दिली: माणूस उतरला त्या पायरीवर नाही, न उतरता जिथे पोचला असता तिथे परत चढतो. गंमत म्हणजे युद्धाहून परतलेला फिशगोल्ड स्वतः हरला! काम कमी होतं, इतरांची नोकरीतली वर्षं जास्त होती, म्हणून त्याला कामाविना बसवून ठेवलं आणि कोर्टाने ते मान्य केलं. म्हणजे जिना खालीही जातो.
मुदतीही आहेत. १८० दिवसांहून जास्त सेवा झाली तर ९० दिवसांत अर्ज करायचा. परतल्यावर वर्षभर सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. एका मालकाकडे अशी गैरहजेरी एकूण पाच वर्षांपर्यंत चालते, काही सेवा त्यात धरत नाहीत.

स्पष्टवक्ता: आणि सरकार स्वतः मालक असेल तेव्हा?

कायद्याचा कीडा: तिथे तर टेक्सास राज्य 'आमच्यावर दावाच चालत नाही' म्हणत होतं. इराकहून फुप्फुसं खराब होऊन परतलेल्या त्यांच्याच पोलिसाने झेपेल असं काम मागितलं होतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला.

छापखानेवाला: म्हणजे राज्यालाही जड जातं तर! त्याला मी घेणारच, तो प्रश्न नव्हता. बदली माणसाचा खर्च सरकारने उचलावा, एवढंच म्हणणं. सोमवारी तो हजर होतोय. त्या मुलीशी कसं बोलायचं, ते जुळवतोय.